सहलीचा प्लॅन एआयकडून घ्या, पण माल मोजूनच सही करा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फॅमिली ट्रिपचा प्लॅन एआयकडून कसा करून घ्यायचा ते बघितलं. व्हिडिओ बारा मिनिटांचा, त्यात सगळं बसत नाही. म्हणून राहिलेलं इथे सविस्तर लिहितोय. माझ्या फजितीसकट.

तुम्ही म्हणाल, धंद्याच्या चॅनेलवर सहल कुठून आली? सांगतो. माझं हडपसरला स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. नोकरी करणाऱ्याला रजा मिळते, आपल्याला रजा म्हणजे शटर खाली. त्या दिवसाचा गल्ला गेला, आणि रोजचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाची पायरी चढलं ते वेगळंच. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, मी तीन दिवस बाहेर पडू शकतो. त्या तीन दिवसांतला एक जरी वाया गेला तरी तो परत मिळत नाही. तुम्ही स्वतःचा धंदा सुरू करणार असाल तर हे तुमच्याही वाट्याला येणार आहे. म्हणून कमी वेळात, कमी खर्चात, घरच्यांना त्रास न होता सहल कशी बसवायची हे शिकून ठेवा. आणि हे शिकताना एआयला कामाला कसं लावायचं तेही आपोआप शिकाल. ते दुकानातही उपयोगी पडतं.

सोमवारची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आम्ही अजिंठा-वेरूळला जायचं ठरवलं. आईची फार दिवसांची इच्छा होती. वडील असताना दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा दुकानामुळे राहिलं. या वेळी मी म्हटलं, जायचंच. आमच्या दुकानाला सोमवारी सुट्टी असते, म्हणजे शनिवार-रविवार-सोमवार गेलं तर शटर दोनच दिवस खाली.

रात्री दुकान बंद करून मी मोबाइलवर एआयला एक ओळ टाकली: 'पुण्याहून तीन दिवसांची अजिंठा-वेरूळ सहल, फॅमिलीसोबत, प्लॅन दे.' खाली तारखा टाकल्या. अर्ध्या मिनिटात प्लॅन हजर. पहिला दिवस प्रवास आणि संध्याकाळी बीबी का मकबरा, दुसरा दिवस वेरूळ, तिसरा दिवस अजिंठा आणि परत. वेळा, जेवणाची ठिकाणं, खर्चाचा अंदाज, सगळं चकाचक. मी खूश. तोच प्लॅन फॅमिली ग्रुपवर टाकला, हॉटेल बुक केलं, गाडी सांगितली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिल्लोडमार्गे शंभर किलोमीटर जाऊन फर्दापूरच्या फाट्यावर पोचलो. चहावाला म्हणाला, "दादा, आज सोमवार. सोमवारी लेणी बंद असते."

गाडीत सहा माणसं. मुलगा वाटेत एकदा उलटी करून झोपलेला. आईने नवीन साडी नेसलेली. मी ड्रायव्हरकडे बघतोय, ड्रायव्हर माझ्याकडे. एआय कुठलं होतं ते सांगत नाही, कारण चूक त्याची कमी आणि माझी जास्त होती. अजिंठा लेणी सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. ही माहिती काही गुपित नाही. हॉटेलच्या काउंटरवर विचारलं असतं तरी कोणीही सांगितलं असतं.

आई रागावली नाही. परतीच्या वाटेवर फक्त एवढंच म्हणाली, "अरे, दुकानात माल आला की तू पेट्या मोजल्याशिवाय चलनावर सही करत नाहीस. मग इथं कशी केलीस?"

मंडळी, मी बीबीए केलंय, लोकांना ट्रेनिंग देतो, पण एआय वापरण्याचा सगळ्यात महत्त्वाचा नियम मला आईने शिकवला. आज तुम्हाला सांगायची गोष्ट ती एवढीच. प्लॅन आला म्हणजे माल आला. सही मोजल्यानंतर.

असं होतं तरी कसं?

घरी आल्यावर मी त्याच एआयला सरळ विचारलं, "अजिंठा लेणी सोमवारी उघडी असते का?" उत्तर आलं: नाही, सोमवारी बंद असते. म्हणजे बघा, त्याला माहीत होतं! पण प्लॅन करताना त्याने ते जोडलं नाही.

याचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. चॅटजीपीटी, जेमिनी किंवा व्हॉट्सअ‍ॅपमधलं मेटा एआय, ही सगळी साधनं प्रचंड मजकूर वाचून तयार झालेली आहेत. तुम्ही प्रश्न टाकला की त्यावर पुढे कोणते शब्द शोभतील ते ठरवत ती उत्तर लिहीत जातात. त्यामुळे उत्तर दिसायला नेहमीच व्यवस्थित असतं. बरोबर असो वा चूक, आवाज तोच, आत्मविश्वास तोच. दुकानातला नवीन पोरगा 'बहुतेक असेल, बघून सांगतो' म्हणतो तेव्हा आपल्याला कळतं की याला खात्री नाही. एआयच्या उत्तरावरून तसं कळेलच असं नाही.

दुसरं म्हणजे माहिती जुनी असू शकते. काही एआय इंटरनेटवर शोधून उत्तर देतात, पण प्रत्येक वेळी शोधतीलच असं नाही, आणि शोधलेलं पानही जुनं असू शकतं. एक उदाहरण देतो. रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांना मिळणारी तिकिटातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. तरी माझ्या आत्याच्या तिकिटाचा हिशोब करताना एआयने ती सवलत धरूनच आकडा दिला होता. तसंच रेल्वेचं रिझर्व्हेशन पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. जुनी पानं वाचून शिकलेल्याला जुनंच माहीत असणार.

तिसरं कारण म्हणजे आपण. मी तारखा दिल्या, वार दिले नाहीत. आईच्या गुडघ्यांबद्दल एक शब्द लिहिला नाही. 'फॅमिली' एवढंच लिहिलं. आता फॅमिली म्हणजे नवराबायको की सत्तरीतली माणसं, हे त्याला कुठून कळणार?

पायरी १: पूर्ण ऑर्डर द्या

होलसेलरला आपण 'वह्या पाठवा' असं सांगतो का? किती पानी, एकरेघी की दुरेघी, किती डझन, कधी हव्यात, सगळं सांगतो. एआयलाही तसंच सांगायचं. मागच्या वर्षी आम्ही पुन्हा निघालो तेव्हा मी ही ऑर्डर दिली. तशीच उतरवून घ्या आणि आपली माहिती भरा:

'आम्ही सहा जण आहोत. मी, बायको, ११ वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा, ६८ वर्षांची आई आणि ७६ वर्षांची आत्या. आईचे गुडघे दुखतात, एका वेळी वीस-पंचवीस पायऱ्यांपेक्षा जास्त चढवत नाही. आत्याला मधुमेह आहे, दुपारी एक वाजता जेवण लागतंच. मुलाला गाडीत उलटी होते, दर दीड-दोन तासांनी थांबावं लागतं. शनिवारी सकाळी सहाला हडपसरहून निघणार, सोमवारी रात्री दहाच्या आत घरी परत यायचं. ड्रायव्हरसकट भाड्याची सात सीटर गाडी. दोन रात्री मुक्काम छत्रपती संभाजीनगर शहरात. एकूण बजेट ३०,००० रुपये. अजिंठा आणि वेरूळ बघायचं आहे, पण आईसाठी घृष्णेश्वराचं दर्शन सगळ्यात महत्त्वाचं. वेळ कमी पडला तर काय गाळायचं तेही सांग. प्लॅन करण्याआधी तुला काही प्रश्न असतील तर आधी विचार.'

शेवटचं वाक्य विसरू नका. त्या एका वाक्याने खेळ बदलतो. मला त्याने पाच प्रश्न विचारले. त्यातला एक होता, आईला चढण टाळायला डोली चालेल का? हे मला सुचलंच नव्हतं. अजिंठ्याला डोलीवाले असतात.

टाइप करायचा कंटाळा असेल तर मराठीत बोलून सांगा. रोमन अक्षरांतली मराठीही त्याला समजते. फक्त जागांची नावं जिल्ह्यासकट द्या. नावं बदललेल्या शहरांबाबत माहिती शोधताना जुनं आणि नवं दोन्ही नाव टाका. संभाजीनगर किंवा अहिल्यानगरची बरीच माहिती अजून जुन्या नावाखालीच सापडते.

पायरी २: एक नाही, दोन प्लॅन मागा

एकच कोटेशन घेऊन आपण फर्निचरचं काम देत नाही. तसंच इथेही. 'एक प्लॅन आरामाचा आणि एक जास्त ठिकाणं बघण्याचा, दोन्हींत काय फरक पडतो ते सांग' असं मागा. आमच्या 'जास्त ठिकाणं' प्लॅनमध्ये देवगिरी किल्लाही होता. तो वेरूळच्या वाटेवरच आहे, पण वर जायचं म्हणजे बऱ्याच पायऱ्या. दोन्ही प्लॅन शेजारी ठेवल्यावर बायको म्हणाली, "किल्ला पुढच्या वेळी आपण चौघं करू." एका मिनिटात निर्णय. एकच प्लॅन समोर असता तर आम्ही किल्लाही कोंबला असता.

पायरी ३: आता माल मोजा

ही पायरी एआयवर सोडायची नाही. कागद-पेन घ्या आणि पाच गोष्टींवर बरोबरची खूण होईपर्यंत एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका.

१. बंदचा वार आणि वेळा. प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा प्रश्न विचारा, मग अधिकृत वेबसाइटवर किंवा फोन करून खात्री करा. सोमवार-मंगळवारचा घोळ तर सांगितलाच. काही ठिकाणं हंगामी असतात. उदाहरणार्थ, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. जूनमध्ये जाणाऱ्याच्या प्लॅनमध्ये किल्ला आला तर काय उपयोग?

२. अंतर आणि खरा वेळ. एआयने दिलेलं अंतर नकाशावर तपासा. नकाशा जो वेळ दाखवतो त्यात उलटी, चहा आणि आत्याचं जेवण धरलेलं नसतं. मी प्रत्येक दोन तासांमागे अर्धा तास वाढवतो. शिवाय शेवटचा टप्पा बघा. अजिंठ्याला आपली गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. फाट्यावर ठेवून तिथल्या बसने जावं लागतं. जाऊन-येऊन त्याचा वेळ वेगळा.

३. खर्च. इथे एआय हमखास चुकतं, कारण धंद्याच्या रीती त्याला सांगाव्या लागतात. आमचं एकूण फिरणं अंदाजे ७२० किलोमीटर. गाडीचा दर १६ रुपये. एआयने हिशोब केला ११,५२० रुपये. गुणाकार बरोबर! पण बाहेरगावच्या गाडीला आमच्या गाडीवाल्याकडे दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. तीन दिवसांचे ९०० किलोमीटर, म्हणजे १४,४००. वर ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला ५००, म्हणजे १,५००. झाले १५,९००. टोल आणि पार्किंग वेगळं. फरक बघा, ४,३८० रुपये! गाडीवाल्याला एक फोन केला असता तर कळणारी गोष्ट.

४. सवलती आणि नियम. एसटीने जाणार असाल तर महिलांना निम्मं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे. आमच्या आत्यासारखी व्यक्ती घरात असेल तर हिशोब बदलतो, फक्त वयाचा पुरावा सोबत ठेवा. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट-बनियन काढून जावं लागतं. बारीक गोष्ट आहे, पण आधी माहीत असली की ऐन वेळी गोंधळ होत नाही.

५. राहण्याची जागा. हॉटेलला स्वतः फोन करा. 'लिफ्ट आहे का?' एवढं विचारून थांबू नका, 'लिफ्ट चालू आहे का?' हेही विचारा. हसू नका. मला 'आहे, पण सध्या बंद आहे' असं उत्तर मिळालंय. मग आम्ही तळमजल्यावरची खोली मागून घेतली.

हे सगळं मोजायला मला एक तास लागला. तो तास वाचवला होता म्हणूनच पहिल्या वेळी अख्खा दिवस गेला.

पायरी ४: किरकोळ कामं त्याच्याकडे ढकला

खात्री झालेला प्लॅन एआयला परत द्या आणि सांगा, 'हा पक्का आहे, यात बदल करू नको.' आता त्याच्याकडून कामं काढून घ्या. प्रत्येकाची वेगळी बॅग-यादी. आत्याच्या औषधांचं वेळापत्रक तिला वाचता येईल अशा मोठ्या, सोप्या मराठीत (औषधं आणि वेळा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून आपण लिहून द्यायच्या, त्याच्याकडून घ्यायच्या नाहीत). फॅमिली ग्रुपसाठी दहा ओळींचा मेसेज. मुलीसाठी लेण्यांवरचे प्रश्न. माझ्या मुलीने कैलास लेण्यासमोर उभं राहून आम्हालाच विचारलं, "हे वरून खाली कोरलंय, माहितीये का?" अशा कामांत एआय खरंच उस्ताद आहे. चुकलं तरी नुकसान थोडं, आणि आपला वेळ भरपूर वाचतो.

एक गोष्ट मात्र पाळा. आधार नंबर, कार्डाची माहिती, ओटीपी, तिकिटाचा फोटो, यातलं काहीही एआयला द्यायचं नाही. प्लॅन करायला वय पुरतं, नाव-नंबर लागत नाही. गल्ल्याची किल्ली आपण नवीन पोराकडे देतो का?

दुसऱ्या वेळी काय झालं

शनिवारी रांजणगावला गणपतीचं दर्शन घेऊन, थांबत-थांबत दुपारी संभाजीनगर. त्या दिवशी दुसरं काही नाही. रविवारी सकाळी लवकर निघून अजिंठा. आई आणि आत्या डोलीने वर गेल्या. सगळ्या लेण्या करायचा हट्ट धरला नाही. १, २, १६, १७ ही चित्रांची लेणी आणि शेवटी २६ नंबरमधला पहुडलेला भव्य बुद्ध. आत्याचं जेवण डब्यातून, बरोबर एक वाजता.

सोमवारी एआयच्या प्लॅनमध्ये आधी वेरूळ लेणी आणि मग घृष्णेश्वर होतं. आईने कागद बघितला आणि म्हणाली, "अरे, सोमवार महादेवाचा. उशिरा गेलो तर रांगेत उभं राहून माझे गुडघे जातील. आधी देव, मग लेणी." चार पायऱ्या करूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, एआयच्याही नाही. आम्ही क्रम बदलला. पहाटे निघून दर्शन घेतलं, मग जेमतेम दीड किलोमीटरवरचं वेरूळ. तिथे कैलास लेणं प्रवेशद्वारासमोरच आहे, आईला फार चालावं लागलं नाही. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर ती मंदिराच्या आवारात दहा मिनिटं नुसती बसून होती. काही बोलली नाही. मीही काही विचारलं नाही. रात्री नऊला हडपसर, मंगळवारी सकाळी शटर वेळेवर वर.

म्हणून तपासणीच्या यादीत मी आता सहावी ओळ घातलीय: प्लॅन घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला वाचून दाखवा.

धंद्यात याचा काय उपयोग?

आता हेच दुकानाला लावून बघा. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी मी वह्या-पुस्तकांच्या स्टॉकची यादी एआयकडून करून घेतो. पूर्ण ऑर्डर देतो: कोणत्या शाळा, कोणते वर्ग, मागच्या वर्षी काय उरलं. दोन पर्याय मागतो. मग मोजतो: शाळांनी यंदा यादी बदलली का, होलसेलरचा आजचा दर काय. पायऱ्या त्याच.

आणि एक धंद्याची कल्पनाही देऊन ठेवतो. तुमच्या सोसायटीत, ओळखीत अशी बरीच कुटुंबं असतील ज्यांना म्हाताऱ्या माणसांना घेऊन कुठे जायचं म्हटलं की धडकी भरते. त्यांना सहलीचा प्लॅन करून देण्याचं काम घरबसल्या सुरू करता येईल. पण लक्षात ठेवा, नुसत्या प्लॅनचे पैसे कोणी देणार नाही, तो मोबाइलवर फुकट मिळतो. लोक पैसे देतील ते तुम्ही केलेल्या फोनचे. लिफ्ट चालू आहे, लेणी उघडी आहे, गाडीचा हिशोब खरा आहे, या खात्रीचे. एआय सगळ्यांकडे आहे. मोजून सही करणारा माणूस सगळ्यांकडे नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: एका दिवसाची जवळची सहल निवडा, वरच्यासारखी ऑर्डर एआयला द्या, आणि आलेल्या प्लॅनमधल्या किमान तीन चुका किंवा राहिलेल्या गोष्टी शोधून वहीत लिहा. सापडल्या नाहीत तर समजा, मोजणी अजून पूर्ण झालेली नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत गल्ला सांभाळा आणि घरच्यांनाही!